मिरचीगाडीची मोजणी

मोहखाप्यात आता रूळ नाहीत. रुळांखालचा भराव तेवढा उरला आहे, आणि त्या भरावावर घरं. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून लाइन उठल्यावर लोकांनी त्या उंच, कोरड्या पट्टीवर एकामागे एक घरं बांधली. लांबून पाहिलं तर डबे जोडून गाडी उभी आहे असंच वाटतं. इंजिन मात्र कुठे दिसत नाही. त्यातलं सातवं घर माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं.

मागच्या माघात मी तिथे गेले ती भांडायला गेले, हे आधीच सांगून टाकते. सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला, शेजारी कोणी झोपलं असावं असा.

"ताई, आज घरमोजणीवाले येऊन राहिले. खाणीचे. ज्याचं नाव यादीत चढन त्यालेच दुसरीकडं जागा देतीन म्हणते. अन् तुमचे दादा म्हणते, कुलूप लावून वावरात जाऊन बसू. सगळे तेच करून राहिले इथं."

मी हातातला चहा तसाच ठेवला आणि नागपूरच्या रामदासपेठेतून गाडी काढली.

उमरेड सोडलं की आता डाव्या हाताला डोंगर लागतात. ते डोंगर नव्हेत, खाणीतून उपसून टाकलेली माती आहे. दरवर्षी ते गावाकडे सरकतात. आमच्या लहानपणी तिथून क्षितिज दिसायचं. आता एक करडी भिंत दिसते, आणि तिच्यावर मुंगीएवढे ट्रक चढताना दिसतात. रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्यांवर काळी पूड बसलेली होती. मी धंद्याने मिरचीची व्यापारी. काच खाली केली, वास घेतला आणि भाव मनातल्या मनात निम्मा केला. मिरचीला कोळशाचा वास येत होता.

हा वास मला नवा नव्हता, त्याचीच गंमत वाटली. मिरची आणि कोळसा हे दोन वास एकत्र आले की माझ्या डोळ्यांपुढे ती छोटी गाडी उभी राहते. तेव्हा त्या वासात भीती नव्हती.

उमरेडच्या पुढून फुटलेली ती एक लहानशी फाटा लाइन होती. कोणी टाकली, कशाच्या आशेने टाकली, मला आजही नीट माहीत नाही. मोठ्या माणसांनाही तेव्हा माहीत नसावं. आठ-नऊ वर्षं चालली. सकाळी एक गाडी यायची आणि लगेच परत जायची, संध्याकाळी तीच पुन्हा एक फेरी मारायची. तीन डबे, एक मालाचा. मोहखापा हा शेवट. इंजिन तिथे तोंड फिरवायचं नाही, मागच्या मागे ढकलत न्यायचं, त्यामुळे जाताना गाडी आपल्याकडे बघत बघत दूर जाते आहे असं वाटायचं.

हॉल्टला टिनाची शेड आणि एक बाक. घंटा म्हणून रुळाचाच एक तुकडा तारेला टांगलेला. लाइनीच्या दोन्ही अंगांना सातरे होते. सातरा म्हणजे मिरची पसरून वाळवायची आणि देठ खुडायची मोकळी जागा. माझी माय तिथेच बसायची, पंचवीस-तीस बायांमध्ये. फाल्गुनाच्या तोंडाशी माल इतका यायचा की सातरे पुरायचे नाहीत. मग बाया रुळांच्या मधल्या गिट्टीवरही मिरची पसरायच्या. दगड तापायचे, माल लवकर वाळायचा. गाडी त्यावरून यायची. दोन्हीकडे लाल, खालीही लाल, आणि मधून ते काळं इंजिन हळूहळू, कोणाच्या अंगणातून जावं तसं. ड्रायव्हर तोंडाला शेला बांधून असायचा. चाकांच्या वाऱ्याने पूड उडायची आणि शिट्टी ऐकू येण्याआधी शिंका ऐकू यायच्या. पहिल्या डब्यातून एक, मग दुसऱ्यातून दोन, मग अख्खी गाडीच शिंकत हॉल्टला लागायची.

"आली वं माय सर्दीची," बाया म्हणायच्या आणि पदर नाकाला लावून हसायच्या.

संध्याकाळी मायचे हात जळायचे. ती ताकात बोटं बुडवून बसायची, आणि मला जवळ घ्यायची असली तर कोपराने घ्यायची. हाताने नाही. मिरची लागेल म्हणून. त्या कोपराचा स्पर्श मला अजून आठवतो, हाताचा आठवत नाही.

गाडीचा गार्ड भंडाऱ्याकडचा होता. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. कोटाच्या कोपरांना ठिगळं, खिशात शिट्टी, आणि खांद्याला तिकिटांची पिशवी. मोहखाप्याला तिकिटाची खिडकी नव्हती, तिकीट मामाकडूनच घ्यायचं. पण मामाकडून कोणी तिकीट घेतं काय? गावात अशी रीतच पडून गेली होती. मामा आमच्याकडे जेवायचा, कोणाच्या बारशाला यायचा, कोणाच्या मयतीला खांदा द्यायचा. त्याला कोणी ओंजळभर मिरची द्यायचं, कोणी वांगी, कोणी मोहाची फुलं. तो "नको नको" म्हणत पिशवीत टाकायचा. तिकिटं तळाशी, भाजी वर. यात चोरी आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्या माणसाच्या बैलगाडीत बसल्यासारखं लोक बसायचे.

पास फक्त माझ्याकडे होता. मी उमरेडच्या शाळेत नववीत होते, गावातून गाडीने शाळेत जाणारी मी एकटी मुलगी. आमच्या गणिताच्या गुरुजींनी स्वतः फॉर्म भरून तो काढून दिला होता. जाड पुठ्ठा, त्यावर निळ्या शाईत माझं नाव. मामा सगळ्या डब्यात एकट्या मलाच विचारायचा.

"पास?"

मी दाखवायचे. मामा उलटसुलट करून बघायचा, आणि टाचा जुळवून सलाम ठोकायचा.

"बसा बाप्पा सरकून, कलेक्टरीन बाई आल्या," डब्यातली माणसं म्हणायची. मला राग यायचा. आणि तो राग मला फार आवडायचा.

मी दादाच्या घरापाशी पोचले तेव्हा तो बाहेरच्या दगडावर बसला होता, हातात कुलूप घेऊन. आजूबाजूच्या घरांना कुलपं लागून झाली होती. भर सकाळी त्या अख्ख्या पट्टीवर माणूस नव्हतं, कुत्रीसुद्धा नव्हती. चुली विझलेल्या. दोरीवर वाळत घातलेले कपडेही कोणी काढून नेले होते. दादाच्या घराच्या भिंतीत एक चीर होती, गेल्या दिवाळीत केसाएवढी होती. आता तिच्यात बोट जात होतं. खाणीत रोज सुरुंग उडतात, दर वेळी ती थोडी उघडते.

"दादा, ते कुलूप आत ठेव."

"ये. आधी चहा घे."

"चहा मंग. कुलूप आत ठेव."

"काहून? जमीन कोनाची हाय? रेल्वेची. कागद हाय का आपल्यापाशी? नाही. मंग ते लिहून नेतीन, का हा बिना कागदाचा बसला इथं. अन् उद्या बुलडोझर."

"अन् नाही लिहिलं तं?"

"नाही लिहिलं तं आपण इथं नाहीच. जे नाहीच त्याले काय पाडतीन?"

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. माझं डोकं सणकलं. हेच वाक्य, याच शांतपणाने, मी याआधी ऐकलं होतं.

"तुमच्या या अकलेनं एक गाडी खाल्ली, दादा. आता घर खाऊन राहिले."

"झालं हिचं सुरू," दादा वहिनीला म्हणाला. "मांडव टाक वं, कीर्तन हाय."

मी नववीत होते त्या वर्षी थंडी लांबली होती. मिरची काळी पडत होती, बाया कुरकुरत होत्या. एक दिवस मामा हॉल्टला उतरला तो हसला नाही. भाजीची पिशवी पुढे केली तर त्याने घेतली नाही. बायांच्या घोळक्यात उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "सोमवारपासून नागपूरचे साहेब येऊन राहिले. हप्ताभर डब्यात बसतीन. वही घेऊन. किती माणूस चढते, किती उतरते, मोजतीन. तुमी कोणी चढू नका. तिकीट कोनापाशीच नाही, धरले गेले तं मले तोंड दाखवाले जागा नाही. एक हप्ता. मंग आपली गाडी आपलीच हाय."

त्याने हे आमच्या भल्यासाठी सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि गावाने ते मामाच्या भल्यासाठी ऐकलं. माणसं त्याच्यासाठी सात दिवस भिवापूरच्या बाजाराला चालत गेली, बैलगाडीने गेली, एका बाळंतिणीला खाटेवर घालून नेलं. पण गाडीत कोणी पाय ठेवला नाही. मोहखाप्याने शब्द पाळला. इतकी एकी मी त्या गावात पुन्हा कधी पाहिली नाही.

सोमवारी गाडी आली. सातऱ्यावरचा माल गोळा केलेला, बाया नाहीत, गिट्टी उघडी पडलेली. शिंका नाहीत. मी तोपर्यंत त्या गाडीचा नुसता आवाज ऐकलाच नव्हता. तो किती मोठा आणि किती एकटा आहे ते त्या दिवशी कळलं. सगळं गाव बेशरमीच्या झुडपांमागे बसलं होतं, लहानमोठे सगळे, श्वास धरून. मी दप्तर घेऊन उभी राहिले.

"खाली बस," दादा म्हणाला. तेव्हा तो वीस-बावीसचा होता.

"माझ्यापाशी पास हाय."

"बस म्हणतो ना! तू गेली तं विचारतीन, बाकीचे कुठी हाय? आपण इथं नाहीच, समजलं?"

त्याने माझी वेणी धरली. मी त्याच्या दंडाला चावले. त्याने सोडली नाही. फटीतून मला डबा दिसत होता. खिडकीशी पांढऱ्या शर्टाचा एक माणूस बसला होता, मांडीवर वही. त्याने बाहेर पाहिलं, जांभई दिली, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. दारात मामा उभा होता. तो झुडपांकडे पाहत नव्हता. गाडी आपली दोन मिनिटं पूर्ण उभी राहिली आणि आमच्याकडे बघत बघत मागे गेली.

असे सात दिवस.

शेवटच्या दिवशी तो पांढऱ्या शर्टाचा माणूस पाणी प्यायला खाली उतरला. माय हापशीवर होती, तिला लपायला वेळ मिळाला नाही. त्याने ओंजळीने पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि विचारलं, "बाई, इथं कोणी राहत नाही का?"

माय पदर सारखा करून म्हणाली, "नाही जी साहेब. कोणी नाही राहत. म्या बी पाहुणी होय."

गाव महिनाभर त्यावर हसलं. होळीला सोंग काढलं त्याचं. मायही हसायची. मग एक दिवस टिनाच्या शेडवर एक कागद चिकटवलेला दिसला, आणि तो वाचायला मलाच बोलावलं. मी मोठ्याने वाचत गेले आणि माझ्याभोवतीची माणसं एकेक करून गप्प होत गेली. पाऊस लागायच्या आधी गाडी बंद झाली. मामा शेवटच्या दिवशी आला तेव्हा बायांनी त्याला पोतंभर मिरची दिली, आणि त्याने ती उचलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात माणसं येऊन रूळ उपटून घेऊन गेली. उमरेडला जायला तेव्हा दुसरं काही नव्हतं. माझी शाळा नववीत संपली. सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेऊन नागपूरची गल्ली. पुढचं मी कमावलं, ते इथे सांगायचं नाही.

"चाळीस वर्षं झाले त्या गाडीले," दादा म्हणत होता. "शिकली असती तं कुठी टेबलावर बसली असती. आता दुकानं हाय, गाडी हाय. तुझं काय वाईट झालं वं?"

"माझ्यापाशी पास होता."

"पास, पास! अवं, तुले सोडलं असतं तं काय झालं असतं? वहीत एक माणूस लिहिला असता. एका माणसासाठी कोणी गाडी चालवते का? सांग ना, धंदेवाली तू."

भांडता भांडता दुपारचे दोन वाजले होते. खाणीत सुरुंग उडाला. जमिनीखालून कोणीतरी कूस बदलावी तसं काहीतरी गेलं. फळीवरची भांडी एकमेकांना लागली, चिरेतून चिमूटभर माती खाली पडली. वहिनीने सवयीने हात लावून पितळी डबा धरला आणि सोडला.

दादाचं म्हणणं खरं होतं. हे मला तेव्हापासून माहीत आहे. एका मुलीच्या पासावर कोणी गाडी चालवत नाही. बाजारात मी हा हिशेब कोणाचाही चुटकीसरशी करून देईन. आणि तरी मी त्याला म्हणाले, "एक तं लिहिला असता ना, दादा. आता त्या वहीत लिहून हाय का तिथं कोणीच नाही राहत. मी होती ना रे तिथं. मी उभी होती."

दादा कुलपाकडे बघत बसला. थोड्या वेळाने तो उठला आणि दाराकडे निघाला, कडी लावायला. माणूस मऊ पडला असं वाटतं तेव्हाच तो सौदा मोडून उठतो, हे मी पाहिलेलं आहे. अशा वेळी मी बोलत नाही. माल सोडून हलत नाही. मी त्याच्या आधी उंबरठ्यावर जाऊन बसले, चांगली मांडी घालून.

"लाव आता कुलूप."

"ऊठ बाई."

"उचलून फेक मले."

"तुले? ट्रक बोलवा लागन," दादा म्हणाला. वहिनी पदरात हसली. दादा हसला नाही, पण दगडावर परत बसला. कुलूप त्याने वहिनीच्या हातात दिलं.

मोजणीवाले दोघं आले तीनच्या सुमाराला. एकाच्या हातात टॅबलेट, दुसऱ्याच्या हातात गेरूचा डबा आणि ब्रश. सहा घरांपाशी थांबले, हाका मारल्या, कुलपं पाहिली. टॅबलेटवाला प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचा, "बंद." बाजूच्या वावरात तुरीच्या ओळींमागे माणसं बसलेली मला दिसत होती. त्यांची डोकी दिसत होती. त्या पोरांना दिसली नाहीत, किंवा त्यांनी न पाहायचं ठरवलं.

सातव्या घरापाशी मी उठून उभी राहिले आणि बाजूला झाले. दादा पुढे आला. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"काका, माणसं किती?"

"दोन."

"किती वर्षांपासून राहता?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "गाडी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून."

"कोणती गाडी?"

"इथून रेल्वे जायची, साहेब. हे घर लाइनीवर हाय."

पोरगा पंचविशीचा असेल. त्याने बोटाने नकाशा लहानमोठा केला, मान हलवली. "यात तर इथे कधी रेल्वे दाखवत नाही."

"होती," मी म्हणाले. माझ्या आवाजाने तो दचकला. "काय लिहिलं ते वाचून दाखव. नाव अक्षर अक्षर सांग."

त्याने वाचलं. दादाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वहिनीचं नाव. एका अक्षराची वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. दादा ते ऐकत असताना त्याचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. आपलं नाव कोणी इतकं हळू वाचताना त्याने आयुष्यात ऐकलं नसावं. मला वाटलं, जिंकले. इतक्या वर्षांनी का होईना, मी एक माणूस वहीत लिहायला लावला.

दुसऱ्याने ब्रश बुडवला आणि दाराशेजारच्या भिंतीवर आकडा काढला. मोठा, हातभर उंच, लाल.

"हे कशाले?" दादाने विचारलं.

"नंबर पडला ना काका. नंबरची घरं पहिल्या टप्प्यात पाडायला घेतील."

"अन् ते?" दादाने कुलपांच्या घरांकडे बोट केलं.

"त्यांचं वरून ठरेल."

"काय ठरन?"

"ते आम्हाला नाही सांगत," पोरगा म्हणाला. आणि ते पुढच्या दाराकडे गेले. "बंद," त्याचा आवाज आला. मग आणखी पुढून, "बंद."

ते दिसेनासे झाल्यावर तुरीतून माणसं उठली. कोणी जवळ आलं नाही. आपापल्या अंगणात उभं राहून सगळे आमच्या भिंतीकडे पाहत होते, सुतक पडलेल्या घराकडे पाहतात तसे.

दादा भिंतीसमोर उभा राहिला. मागे सरून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं.

"मले वाटलं होतं तू काही चांगलं करून राहिली," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. "सांग ना बाई. कवा येतीन?"

मी माणसाचा चेहरा पाहून त्याचा शेवटचा भाव ओळखते. दादाच्या चेहऱ्यावर भाव नव्हता. तो मला खरंच विचारत होता.

वहिनी आतून बादली घेऊन आली. पांढरी माती कालवलेली, त्यात पोतेरं. होळी तीन आठवड्यांवर होती, भिंत सारवायची राहिली होती.

"हे पुसू का राहू देऊ?" तिने विचारलं.

दोघं माझ्याकडे पाहत होते.

"राहू दे," मी म्हणाले. "बाजूबाजूनं सारव."

ती खाली बसली आणि हात चालवू लागली. अगदी जपून, गेरूला ओला हात लागू नये म्हणून बोटं आखडून. चीर भरली, कोपरे भरले, दाराची चौकट भरली. भिंत हळूहळू पांढरी होत गेली, आणि तो आकडा होता त्याहून ठळक झाला.